कुजबुज, शंभर पट

३ सप्टेंबर, मंगळवार

वर्गातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "रोज काय बदललं आणि त्याने काय झालं, ते लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही." म्हणून ही वही. जन्मभर छापखान्यात बसून प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढल्या. स्वतःचं लिहायची पाळी साठीच्या उंबरठ्यावर आली.

वर्ग मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, तंत्रशाळेच्या मागच्या लांबट खोलीत. इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख. बाकी सगळी पोरं माझ्या लेकीहून लहान. अपवाद एकच, शेजारच्या टेबलावरचे दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलाकडे सोपवला आणि हातांना चैन पडेना म्हणून आलेत. मॅडमही लेकीच्याच वयाच्या, पण दरारा असा की डॉक्टरसुद्धा हात वर करून प्रश्न विचारतात.

प्रत्येकाने काय बनवायचं ते सांगायचं होतं. मी म्हणालो, बारीक आवाज मोठा करणारं यंत्र.

"कुणासाठी?"

"बायकोसाठी. तिचा आवाज गेलाय."

पुरता गेला नाही. दीड वर्षामागे मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची नस दुखावली. सर्जन म्हणाले, वर्षभर वाट पाहा, येईलही परत. वर्ष उलटून गेलं. आता ती बोलते ती नुसती कुजबुज. ओठ हलतात, वाऱ्यासारखं काहीतरी येतं, मी "काय?" म्हणतो. ती पुन्हा बोलते. मी पुन्हा "काय?" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग मी नुसतं "हं" म्हणतो. हल्ली तर आवाज आणखी बारीक झालाय असं वाटतं. गळ्यात अडकवायचं तयार यंत्रही आणून पाहिलं. त्यातून पंखा ऐकू यायचा, ताटल्या ऐकू यायच्या, ही काही ऐकू यायची नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, छान येतंय की!" त्या बाईला सगळंच छान वाटतं. हिने ते कपाटात टाकलं.

लग्न झाल्यापासून आमच्या घरी संध्याकाळचा एकच कार्यक्रम. टेबलाच्या या बाजूला मी प्रुफं घेऊन, त्या बाजूला ती मूळ प्रत घेऊन. ती मोठ्याने वाचायची, मी छापील ओळीवरून पेन्सिल फिरवायचो. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, पूर्णविराम, सगळं बोलून. पुस्तक कंटाळवाणं असलं की 'पूर्णविराम' असा काही ठसक्यात म्हणायची की लेखकाची कीव यावी.

माणसाला काय काय आठवत राहतं. मला तिचा 'पूर्णविराम' आठवतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज नुसतं संगणकावर. याला सिम्युलेशन म्हणतात, म्हणजे सर्किटची रंगीत तालीम. पडद्यावर एक त्रिकोण काढायचा, तो ऑप-अँप. खराखुरा ऑप-अँप म्हणजे आठ पायांचा काळा किडा, पण पडद्यावर त्रिकोण. त्याला दोन तोंडं आत घ्यायची आणि एक बाहेर टाकायचं. दोन रेझिस्टर लावून त्याला सांगायचं की किती पट मोठं करायचं. मी शंभर पट सांगितलं. माइकच्या जागी एक इवलीशी लाट दिली. बटण दाबलं आणि बाहेर तीच लाट, तशीच गोल, शंभर पट उंच.

आयुष्यात प्रथमच असं प्रूफ पाहिलं, ज्यात एकही चूक नाही.

तरंगतच घरी आलो. ही खिडकीशी कपडे घड्या करत होती. तिला सगळं सांगितलं, त्रिकोण, लाट, शंभर पट. तिने घडी ठेवली आणि काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हो, हो! उत्तम!" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली आणि आत गेली.

तिला विश्वास बसत नाही. बसेल.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज खरं सर्किट. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी पट्टी, त्यात पाय खोचायचे. चित्र समोर ठेवून एकेक तार लावली, तीनदा ताडून पाहिली. सुरू केलं. शुकशुकाट. स्कोप म्हणजे लाट दाखवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर लाट आत जाताना दिसते, बाहेर सपाट रेघ.

डॉक्टर वाकून म्हणाले, "पेशंट गेलाय की भूल दिलीय?"

मॅडम आल्या, एक नजर टाकली. "याला वीज कुठून मिळते?"

मी चित्र दाखवलं. चित्रात विजेची तारच नव्हती. पडद्यावरचा त्रिकोण जेवणखाण काही मागत नाही, उपाशीपोटी काम करतो. खऱ्या किड्याला दोन पाय निव्वळ विजेसाठी असतात. त्यांना मी काही लावलंच नव्हतं. अख्खा वर्ग हसला, मीही हसलो. मॅडम म्हणाल्या, "आदर्श वस्तू फक्त पडद्यावर असतात, सर." दोन बॅटऱ्या जोडून दिल्या, एक वरच्या बाजूची, एक खालच्या.

घरी हिने सगळे लोकरीचे कपडे उन्हात घातले होते. थंडीला अजून चांगला अवकाश आहे. पण बायकांची आवराआवर, आपण मध्ये पडू नये.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वीज दिली तर नवीनच दुखणं. आता बाहेर लाट नाही, पण सपाट रेघ मधोमधही नाही. थेट वरच्या बॅटरीच्या उंचीला जाऊन चिकटलीय. बोट लावलं की थरथरते, काढलं की पुन्हा वर. किडा बदलला. दोन्ही रेझिस्टर बदलले. तारा बदलल्या. सगळं एकदम.

मॅडम म्हणाल्या, "काय बदललंत?"

"सगळंच."

"मग काय कळलं?"

"काहीच नाही."

"वही लिहिताय ना?" एवढंच बोलून पुढच्या टेबलावर गेल्या. त्यापेक्षा छडी मारली असती तर बरं.

घरी आलो तर समोरच्या वहिनी दारात उभ्या. म्हणाल्या, दुपारी बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, तुम्ही तर घरातच होतात. ही तेव्हा बाजारात होती. बेल बिघडलेली दिसते. रविवारी उघडून बघतो. आता एवढी विद्या तरी आली आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

बेल उघडली. आत सगळं धड दिसतंय. तारा घट्ट केल्या.

हिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखर, तांदूळ, चहा, मीठ. 'हे रोज नाही, आठवड्यातून एकदा' असंही एकावर. बोलायला त्रास होतो म्हणून लिहून ठेवते बिचारी.  वॉशिंग मशीनचीही शिकवणी झाली, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. बोटाने एकेक बटण दाखवलं आणि मला करून दाखवायला लावलं. पास झालो.

दुपारी लेकीचा फोन. ती फार लांब असते, दीड दिवसाचा प्रवास. तिचं बाळ आता रांगतं. मायलेकी अर्धा तास बोलत होत्या. हिची कुजबुज पोरीला फोनवरून कशी कळते कोण जाणे, तिचा फोन भारीतला असावा. शेवटी फोन माझ्याकडे आला. पोरगी ओरडूनच बोलते माझ्याशी, लहानपणापासूनची सवय.

"बाबा, तुमचं कसं व्हायचं?"

"अगं, वरच्या टोकाला जाऊन अडकलंय. पण निघेल."

 मग म्हणाली, "बाबा, जपून राहा हं."

१७ सप्टेंबर, मंगळवार

निघालं!

मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "माइक आणि ऑप-अँपच्या मध्ये तुम्ही कपॅसिटर लावलाय. त्यातून आवाज जातो, पण स्थिर वीज जात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"खरा ऑप-अँप आपल्या तोंडाने केसाएवढा का होईना, प्रवाह घेतो किंवा टाकतो. त्याला जा-ये करायला वाट कुठेय?"

नव्हती. थेंब थेंब साठत जातं आणि मग सगळं वरच्या टोकाला जाऊन बसतं. एकच रेझिस्टर, त्या तोंडापासून जमिनीच्या तारेपर्यंत. लावला आणि रेघ अलगद खाली उतरून मधोमध आली. लाट दिली, लाट आली. मी एवढ्या मोठ्याने "आली!" म्हणालो की पलीकडच्या टेबलावरच्या पोरीच्या हातून चिमटा पडला.

मला वाटलं झालं. पण मॅडमनी पुन्हा संगणकापुढे बसवलं. "आता तो आदर्श त्रिकोण काढा, खऱ्या किड्याचं मॉडेल घाला. आणि रेझिस्टर काढून टाका."

काढला. पडद्यावरची रेघही तशीच हळूहळू वर चढली आणि वरच्या टोकाला चिकटली. डिट्टो.

"चूक दुरुस्त झाली म्हणजे ती कळलीच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "ती पुन्हा मुद्दाम घडवता आली की कळली."

छापखान्यात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. येताना रस्ताभर डोक्यात तेच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज माइक जोडला आणि पुढे छोटा स्पीकर. मी "हॅलो" म्हणालो, स्पीकर "हॅलो" म्हणाला. डॉक्टरांनी एक शेर म्हटला, तोही आला. मग मी मॅडमना म्हटलं, जरा कुजबुजून बघा, खरी परीक्षा तीच आहे. त्या माइकशी वाकून काहीतरी पुटपुटल्या. स्कोपच्या पडद्यावर रेघ मस्त नाचली. स्पीकरमधून मात्र काही नाही, नुसती फुसफूस.

"येत नाही," मी म्हणालो.

"येतंय की," मॅडम म्हणाल्या.

"कुठे? नुसती हवा येतेय. आणखी पट वाढवा."

शंभराचे दोनशे केले. मग पाचशे. मग स्पीकरने किंचित शिट्टी घातली, तर वर्गातली झाडून सगळी पोरं कानांवर हात ठेवून ओरडायला लागली. हल्लीच्या पोरांना कशाचा म्हणून त्रास होईल, सांगता येत नाही. मॅडमनी झटकन वीज काढली. म्हणाल्या, स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, गोल फिरत राहतो, म्हणून तो किंचाळतो. किंचाळतो? असो.

मॅडम माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होत्या. मी चुकीचं काही बोललो का?

२२ सप्टेंबर, रविवार

सर्किटचं काही नाही. पण लिहावंसं वाटलं.

दुपारी ही माझ्याशेजारी येऊन बसली. सोफ्याच्या या बाजूला ती सहसा बसत नाही. मी कागदावर आकृती काढत होतो. तिने हात माझ्या हातावर ठेवला आणि बराच वेळ बोलत राहिली. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. मधूनच एखादा शब्द हाती लागायचा, 'बाळ', 'तुम्ही', 'बघा', मग पुन्हा वारा. मी म्हटलं, "थांब, थोडे दिवस थांब. एकदा हे झालं ना, की तू बोल, मी ऐकत बसतो. दिवसभर बोल."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आनंदाने. पण मग हात काढून घेतला आणि दुरुस्तीला टाकलेला चपलांचा जोड आणायला निघून गेली.

एका घरात राहून माणसाची आठवण येते, हे कुणाला सांगितलं तर हसेल. ती आत भांडी लावत असते आणि मी बाहेर बसून तिची वाट बघत असतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अख्खा वर्ग वाया. अर्धं सर्किट जिवंत, अर्धं मेलेलं. शेवटी डॉक्टरांनी मीटर लावून शोधलं. ब्रेडबोर्डच्या कडेची विजेची पट्टी दिसायला सलग, पण आतून मधोमध तुटलेली असते. वरची लाल रेघही तिथे तुटते, मी पाहिलीच नव्हती. मी! ज्याला सहा पॉइंटाच्या बारीक टाइपातला उलटा उकार दिसतो!

गुरुवारी मॅडम सगळं एकदा नीट मोजून बघणार आहेत. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

मॅडमनी माइक काढला आणि त्या जागी सूर काढणारं यंत्र जोडलं. म्हणाल्या, "मी खालून वर जाते. स्कोपवर उंची बघत राहा. सगळीकडे सारखी राहिली तर सर्किट उत्तम."

आधी भुंग्यासारखा घुमारा. मग शंखासारखा. मग शिट्टी, मग आणखी बारीक शिट्टी. मॅडम बटण फिरवत होत्या. आणि मग आवाज विरत गेला आणि बंद पडला.

"गेलं," मी म्हणालो. "इथे बंद पडलं. लिहून घेतो."

 मी वर पाहिलं. स्कोपवर लाट होती. होती तशीच, तेवढीच उंच. डॉक्टरांनी तोंड कडू केलं होतं. मागची पोरं कानांत बोटं घालून उभी होती. ज्या पोरीचा चिमटा पडला होता ती म्हणाली, "मॅडम, बंद करा ना, डोकं उठलं." स्पीकरमधून काहीच येत नव्हतं आणि सगळे असे उभे होते.

मी म्हणालो, "स्पीकर गेला असेल."

मॅडमनी वीज काढली. सगळ्यांनी बोटं काढली. मॅडम हळूच, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "सर, सर्किट ठीक आहे."

वर्ग सुटल्यावर डॉक्टरांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. कानामागे हात घालून एक इवलीशी वस्तू काढून तळहातावर ठेवली. इतके दिवस शेजारी बसतो, मला दिसलीही नव्हती. "दातांचं ड्रिल आयुष्यभर कानाशी," ते म्हणाले. "तुमचं काय? छपाईची यंत्रं?"

यंत्रं. माझं टेबल यंत्रांच्या खोलीला लागून. मधली भिंत निम्मी काचेची.

"बारीक आवाज आधी जातात," डॉक्टर म्हणाले. "स, श, च, फ. आणि कुजबुज म्हणजे दुसरं काय असतं? सगळी स आणि श."

मी विचारलं, "म्हणजे ती बोलत होती?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

पायीच घरी आलो. ही दारात उभी होती, ओठ हलले. उशीर का, असंच काहीतरी असणार. मी "हं" म्हणणार होतो. पण म्हणालो नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी सर्किट टेबलावर मांडलं. स्पीकर काढला, त्या जागी कानांवर लावायचा हेडफोन लावला. माइक तिच्या बाजूला ठेवला. ती जुन्या सवयीने आपल्या खुर्चीवर, मी माझ्या. तिला वाटलं, आता तिची परीक्षा घेणार. मी हेडफोन माझ्याच कानांवर चढवला तेव्हा तिने भुवया उंचावल्या.

आणि मग आली. आधी कापडाची सळसळ, मग श्वास, आणि मग शब्द.

"अहो, ऐकू येतंय का?"

तो तिचा जुना आवाज नव्हता. इतक्या दिवसांत मी मनात धरून बसलो होतो की यंत्रातून तो येईल. तो नाही आला. आत जे जातं तेच मोठं होतं, शंभर पट झालं तरी तेच. हा कोणीतरी कागदावर हात फिरवावा तसा आवाज. पण शब्द तिचे. शब्दांच्या कडा मला दिसत होत्या म्हटलं तरी चालेल. 'स' किती वर्षांनी ऐकला, देव जाणे.

"येतंय!" मी म्हणालो.

"मग ओरडताय कशाला?"

मी तिला कानांचं सांगितलं. स्कोप, शिट्टी, पोरांची बोटं, सगळं. ती शांतपणे ऐकत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पोरीच्या लग्नाच्याही आधीपासून. प्रूफ वाचताना मी आवाज वाढवत नेत होते. शाळेत शिकवताना पोरांवर ओरडले नाही तेवढी घरी तुमच्यावर ओरडले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. ती म्हणाली, "मग माझाच आवाज गेला. तुम्ही सगळं त्याच्यावर ढकललंत. म्हटलं, माझ्या नावावर खपतंय तर खपू दे. आणि ती बेल धड आहे. तिला पुन्हा हात लावू नका."

 हेडफोनमध्ये तिचा श्वास येत होता, घड्याळ येत होतं. मग तिने विचारलं, "मी शुक्रवारी जातेय, हे तरी ठाऊक आहे ना?"

"कुठे?"

तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले. "पोरीकडे. सहा महिने. तिची नवी नोकरी सुरू होतेय, बाळाकडे बघायला कुणी नाही. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही त्या दिवशी लाट-लाट करत आलात तेव्हा. म्हटलं, मी गेले तर करमेल का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, हो, हो, उत्तम."

लोकरीचे कपडे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या. मशीनची बटणं. जन्मभराचा मुद्रितशोधक, आणि घरातलं एवढं पान वाचता आलं नाही.

"मग तुला काय वाटलं?"

"काय वाटणार? वाटलं, कुजबुजणाऱ्या बायकोला माणूस कंटाळला. वाटलं, म्हणून संध्याकाळी घरातून निघून जातो."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"ते आता कळलं."

मी म्हणालो, "पुन्हा विचार."

"काय?"

"तेच. त्या दिवशी विचारलंस ते."

तिने माइक जवळ ओढला. गरज नव्हती, तरी ओढला. "मी गेले तर करमेल का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "नाही करमणार. एक दिवसही नाही."

तिने पदर तोंडाला लावला. माइक उघडाच होता, त्यामुळे रडणंही शंभर पट ऐकू आलं. मी हेडफोन काढला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "पण पोरीला शब्द दिलाय."

"मग जायलाच हवं," मी म्हणालो. मला निघता येत नाही, छापखान्याने दिलेली शब्दकोशाची प्रुफं मार्चपर्यंत संपत नाहीत. ते तिलाही माहीत आहे. दुपारभर ती बोलत होती. वर्षभरात बोललेलं सगळं पुन्हा. बॅटऱ्या संपेपर्यंत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचवून आलो. स्टेशनवर इतका गलका की यंत्राचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिने माझ्या कानाला तोंड लावूनच सांगितलं. सगळ्या लोकांसमोर. काय सांगितलं ते लिहीत नाही.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून चहा केला. साखर दोनदा पडली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल वर्गाला गेलो नाही, कानांच्या दवाखान्यात होतो. परवा तपासणी झाली, काल यंत्र बसलं. दोन्ही कानांत. घरात एवढे आवाज आहेत हे मला ठाऊक नव्हतं. फ्रिज गुरगुरतो. पेन्सिल कागदावर खरखरते. मी स्वतः चालताना पाय घासतो, हे हिने कधी सांगितलं असेल तर मी नक्की 'हं' म्हटलं असणार. आवाजांनी घर भरून गेलंय आणि घरात कुणी नाही.

संध्याकाळी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"बसलं का यंत्र?"

"बसलं. बोल."

"हळूच बोलते हं. बाळ आत्ता झोपलंय." आणि मग, "इथे बाई माझं बरं चाललंय. या घरात सगळेच कुजबुजतात."

तिने बाळाचं सांगितलं. ते तिच्या तोंडावर बोट ठेवून, शब्द बाहेर येताना हाताला लागतात का ते बघतं म्हणे. पोरीचं सांगितलं, जावयाच्या घोरण्याचं सांगितलं. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. मी मध्ये एकदाही "काय?" म्हणालो नाही. मग तिचं सांगून संपलं. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं.

"कधी येतेस?"

"काय?"

"म्हटलं, कधी येतेस?"

"आवाज तुटतोय हो. ऐकू नाही आलं."

आवाज कुठेही तुटत नव्हता. लाइन काचेसारखी स्वच्छ होती. इतकी, की पलीकडे ती हसू दाबतेय तेही मला ऐकू येत होतं.

मी पुन्हा विचारलं.